सर्कशीला उतरायला एक मैदान राखून ठेवा
कृष्णाकाठच्या महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या पदाधिकाऱ्यांना, सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

हे पत्र एका मागणीसाठी लिहितो आहे, म्हणून ती आधीच सांगतो. आपापल्या शहराचा विकास आराखडा पुढच्या वेळी सभागृहात येईल तेव्हा सर्कशीचा तंबू पडू शकेल एवढी एक मोकळी जागा त्यात राखून ठेवा, आणि तिचं भाडं सर्कशीला झेपेल असं ठरवा. अनुदान नको, पुरस्कार नको, उद्घाटनाचा कार्यक्रमही नको. दोन-अडीच एकर सपाट जमीन, पाण्याचा नळ, विजेचं कनेक्शन आणि सांडपाणी जायला गटार एवढंच हवं आहे.

सर्कस संपली असं आपण सगळेच धरून चाललो आहोत. वाघ-सिंह गेले, टीव्ही आला, मोबाइल आला, आता कोण बघतंय, असं म्हणून विषय मिटवला जातो. यातलं खोटं काहीच नाही, पण हे पूर्णही नाही. पुण्या-मुंबईकडे सर्कस लागते तेव्हा आजही आईबाप मुलांना घेऊन जातात. आपल्याकडे ती लागत नाही याचं मोठं कारण असं, की तिला उतरायला जागाच उरलेली नाही. टीव्ही-मोबाइलचं आपण काही करू शकत नाही. जागेचं करू शकतो, आणि ते सर्वस्वी आपल्या हातात आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सर्कशीचा मॅनेजर आमच्या गावात मैदान बघायला आला होता. साठीचा मल्याळी गृहस्थ, आयुष्य सर्कशीत गेलेलं. आमच्या घराण्याचा सर्कशीशी जुना व्यवहार असल्यामुळे कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांना घेऊन मी गावभर हिंडलो. ज्या मैदानावर माझ्या लहानपणी सर्कस पडायची तिथे आता एका बाजूला व्यापारी संकुल आणि दुसऱ्या बाजूला वाहनतळ आहे. शाळेचं मैदान वर्षभर स्पर्धांना दिलेलं. आराखड्यात मोकळी दाखवलेली जागा प्रत्यक्षात टपऱ्यांनी भरलेली. उरली एक जागा, तर तिथला दर गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनांसाठी ठरवलेला, चौरस फुटावर आणि रोजच्या हिशेबाने. प्रदर्शन पाच दिवसांत माल विकून उठतं. सर्कस तीन-चार आठवडे राहते, आणि तिचा माल म्हणजे फक्त तिकीट. मॅनेजरांनी कागदावर आकडेमोड केली, पेन खिशाला लावलं आणि मला म्हणाले, "मैदान दिलवा दीजिए, बाकी सब हम कर लेंगे." ते मला जमलं नाही. सर्कस आमच्या गावाला वळसा घालून कर्नाटकात गेली.

हे पत्र राज्यातल्या सगळ्या पालिकांना न लिहिता कृष्णाकाठच्याच पालिकांना का लिहितो आहे, तेही सांगायला हवं. भारतातली सर्कस आपल्या या टापूत जन्मली. ही कुणाची हौसेची दंतकथा नाही. देशातल्या सर्कशीचा इतिहास कुठेही उघडा, पहिलं नाव निघतं ते विष्णुपंत छत्रे यांचं. जन्म अंकलखोपचा, नोकरी कुरुंदवाडच्या संस्थानात, काम तिथले संस्थानिक पटवर्धन यांच्या पागेवर. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले आणि दोन विद्या शिकून आले, घोड्याची आणि गाण्याची. १८७९ साली चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडच्या अधिपतींसोबत विष्णुपंतांनी ती पाहिली. हिंदुस्थानी माणसाला असं काही उभं करायला अजून बराच काळ लागेल, अशा अर्थाचं काहीतरी चिआरिनी बोलला आणि विष्णुपंतांनी ते आव्हान घेतलं, असं सांगतात. शब्द नेमके काय होते ते सोडा. पुढे घडलं ते मात्र पक्कं आहे. १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. घोडे पागेतले, शिकवणारे विष्णुपंत. त्यांच्या पत्नी झुल्यावर काम करत आणि जनावरंही हाताळत, अशी नोंद आहे. त्या काळातल्या ब्राह्मण घरातली बाई हजार माणसांसमोर झुल्यावर चढते म्हणजे काय, याचा आपण नीट विचारही केलेला नाही.

सर्कस घोड्याच्या पागेतून का यावी, तालमीतून किंवा जत्रेतून का नाही, याचंही उत्तर आहे. आधुनिक सर्कस लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अ‍ॅस्टली या घोडदळातल्या निवृत्त सैनिकाने सुरू केली. घोडा गोल धावत असताना आत झुकतो, आणि त्या झुकण्याच्या आधाराने स्वाराला घोड्याच्या पाठीवर उभं राहता येतं. रिंगण फार लहान असलं तर घोडा अडखळतो, फार मोठं असलं तर स्वाराला तोल मिळत नाही. अनुभवाने माप ठरलं ते सुमारे ४२ फूट व्यासाचं. आजही जगभर सर्कशीचं रिंगण त्याच मापाचं असतं, आता त्यात घोडा असो वा नसो. म्हणजे हा खेळ मुळात घोडेस्वाराचा. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तम घोडे, उत्तम स्वार आणि लढाईचं काम मात्र नाही, अशी स्थिती जर कुठे असेल तर ती पटवर्धनांच्या संस्थानांत होती. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी या सगळ्या गावांत पागा होत्या, तालमी होत्या, मल्लखांब होता. सर्कस इथेच रुजली ती योगायोगाने नाही, असं मला वाटतं. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस नावारूपाला आली, कार्लेकरांची आली, वालावलकरांची आली. मराठी माणसांच्या सर्कशी देशभर फिरल्या आणि समुद्रापारही गेल्या. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर १९४० च्या दशकात अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीच्या रिंगणात वाघ-सिंहांचे खेळ करत होते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच मातीतली आहे आणि गाण्याच्या मैफलीत निघते तेवढी सर्कशीच्या संदर्भात कधी निघत नाही. ग्वाल्हेरचे हद्दूखाँ हे विष्णुपंतांचे गाण्यातले गुरू. त्यांचे पुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत काशीत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून सोबत आणलं, सर्कशीच्या गोतावळ्यात सांभाळलं, गावोगावी त्यांचं गाणं लोकांना ऐकवलं. लोक त्यांना भूगंधर्व म्हणत. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांच्या बंधूंनी, काशिनाथपंतांनी, खाँसाहेबांना सांभाळलं. १९२२ साली ते कुरुंदवाडलाच वारले. किराणा घराण्याचे गायक, मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गायकीवर रहिमतखाँचा ठसा आहे, हे जाणकार सांगतात. किराणा गायकीचा जो सूर मिरजेत घुमला, त्याच्या मागे एका सर्कसवाल्याने केलेला हा सांभाळ उभा आहे.

सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं, म्हणून आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो आणि दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. हे योग्यच आहे. नाटकासाठी आपण नाट्यगृहं बांधली, त्यांच्या डागडुजीसाठी दर अंदाजपत्रकात तरतूद करतो, तेही योग्यच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक रंगभूमीवर आणलं ते १८८० साली, आणि छत्र्यांनी सर्कस उभी केली तीही १८८० साली. दोन्ही कला मराठी माणसाने एकाच वर्षी देशापुढे ठेवल्या. एकीला आपण छप्पर दिलं. दुसरी आपलं छप्पर स्वतःच ट्रकमध्ये घालून आणते, खुर्च्या आणते, दिवे आणते, जनरेटर आणते, आणि आपल्याकडे मागते ती फक्त महिनाभराची जमीन. तीही आपण देऊ शकत नाही.

गावात एक सर्कस उतरल्याने काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वात मोठं उदाहरण केरळातलं आहे. छत्र्यांची सर्कस १८८७-८८ च्या सुमारास मलबारच्या किनाऱ्यावर थलश्शेरी या लहानशा शहरात गेली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते, कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेत तयार झालेले. त्यांनी ती सर्कस पाहिली, छत्र्यांना भेटले आणि तिथल्या मुलांना सर्कशीसाठी तयार करायचं काम अंगावर घेतलं. १९०१ साली त्यांनी थलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीचं शिक्षण देणारी शाळाच काढली. त्यानंतर भारतातल्या बहुतेक सर्कशींचे कलाकार, मॅनेजर आणि मालक त्या एका टापूतून आले. जेमिनी सर्कस सुरू करणारे एम. व्ही. शंकरन हे कुन्हिकण्णन यांचेच विद्यार्थी. त्यांनी १९५१ मध्ये गुजरातेत बिलिमोऱ्याला जेमिनीचा पहिला तंबू लावला, आणि २०२३ मध्ये ते वारले तोवर देशातल्या चार पिढ्यांनी जेमिनी पाहिली होती. एका मराठी माणसाचा तंबू एका छोट्या शहरातल्या मैदानावर पडला, तिथल्या एका मास्तरांनी तो पाहिला, आणि पुढे शंभर वर्षं हजारो घरांच्या चुली त्यावर चालल्या. त्या दिवशी थलश्शेरीत मैदान मिळालं नसतं तर?

आता आपल्या गावातलं. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. सर्कस गावात येणार हे आमच्या घरी इतरांच्या आधी कळायचं, कारण रिंगणात टाकायला लागणारा लाकडाचा भुसा आमच्याकडून जायचा. हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात मेख धरत नाही, म्हणून सर्कसवाले पिकं निघून जमीन कडक झाल्यावरच कृष्णाकाठी यायचे. आधी त्यांचा माणूस येऊन मैदान बघायचा, नगरपालिकेत पैसे भरायचा, छापखान्यात जाहिराती टाकायचा. मग रेल्वेने नाहीतर ट्रकने सामान यायला लागायचं आणि गाव मैदानाभोवती गोळा व्हायचं.

भुशाच्या पोत्यांवर बसून मी बैलगाडीतून मैदानावर जायचो. तंबू उभा करायचं काम मी जवळून पाहिलं आहे, आणि खरं सांगतो, आतल्या खेळांपेक्षा मला ते जास्त आठवतं. जमिनीवर चुन्याने मोठा गोल आखलेला असे. त्या गोलावर ठरावीक अंतरावर हातभर लांबीच्या लोखंडी मेखा ठोकायच्या. एका मेखेभोवती पाच-सहा जण घण घेऊन गोल उभे राहत. पहिल्याचा घण पडून वर उठायच्या आत दुसऱ्याचा पडे, मग तिसऱ्याचा. कुणी कुणाकडे बघत नसे. एकजण तोंडाने ताल धरी, त्या तालावर सगळे. दहा-बारा फेऱ्यांत मेख जमिनीत गडप, पुढच्या मेखेकडे चला. मधे किंग पोल उभे करताना हत्तीला जुंपत. दोर ताणला की हत्ती एकेक पाऊल मागे सरके आणि ताडाएवढा खांब हळूहळू आकाशात उभा राही. मग कापडाचे पट्टे जमिनीवर अंथरून एकमेकांना दोरीने शिवत. सर्कशीचा स्वतःचा शिंपी असे, तो तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दाभणाने फाटकं कापड सांधत बसलेला असे. संध्याकाळी कप्प्यांवरून दोर ओढले की अख्खा तंबू एकदम उठायचा. सकाळी जिथे गुरं चरत होती तिथे रात्री तीन हजार माणसं बसतील अशी जागा तयार व्हायची. गावात दुसरी एवढी मोठी छताखालची जागा नव्हती, आणि खरं तर आजही नाही.

मग महिनाभर गावाचं वेळापत्रक बदलायचं. दिवसाला तीन खेळ. टांग्यातून, पुढे रिक्षातून कर्ण्यावर पुकारा. रात्री सर्चलाइटचा झोत आसपासच्या खेड्यांवरून फिरे. तो दिसला की दहा-दहा मैलांवरून लोक बैलगाड्या जुंपून येत. बाजारात त्या महिन्यात पैसा खेळायचा. दूधवाल्याला रोजचं गिऱ्हाईक, कडबा विकणाऱ्याला गिऱ्हाईक, किराणा, भाजी, जळण, छापखाना, मांडववाला, रिक्षावाले, सगळ्यांना काम. आमच्या वखारीतला भुसा एरवी न्हाणीघराच्या बंबात जायचा, त्याला त्या महिन्यात भाव यायचा. शनिवारी सकाळी शाळेच्या पोरांसाठी सवलतीचा खेळ असे.

आणि परक्या माणसांचं आपल्या गावात महिनाभर राहणं, हेही तितकंच महत्त्वाचं. केरळच्या बाया, नेपाळचे पोरगे, बंगालचा सायकलवाला, बुटका विदूषक. दुपारी तंबूच्या मागे त्यांचे कपडे दोरीवर वाळत असत. रात्री झगमगीत पोशाखात झुल्यावर पाहिलेली ताई सकाळी नळावर आमच्या आयांशी मोडक्या हिंदीत भाजीचे भाव बोलायची. तिच्या दोन्ही तळव्यांना जाड घट्टे पडलेले होते, ते माझ्या आईने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. मल्याळी, नेपाळी, बंगाली माणसं कशी बोलतात, काय खातात, हे आमच्या पिढीने पहिल्यांदा सर्कशीच्या नळावर पाहिलं.

जनावरांविषयी माझं मत स्पष्ट लिहितो, म्हणजे गैरसमज नको. ती पुन्हा यावीत असं मला अजिबात वाटत नाही. त्या पिंजऱ्यांचा वास आणि आतल्या वाघाच्या त्याच त्या फेऱ्या मीही पाहिल्या आहेत. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या यांच्या खेळांवर केंद्राने १९९१ मध्ये बंदीची अधिसूचना काढली, १९९८ मध्ये सिंहासह ती पुन्हा काढली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ मध्ये न्यायालयाने लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावरही बंदी आणली. २०१३ नंतर हत्तींचाही मार्ग बंद झाला. हे सगळे निर्णय बरोबर होते, थोडे उशिराच झाले. पण त्या निर्णयांनी सर्कस बंद करा असं म्हटलेलं नाही. त्यांनी सर्कशीला माणसाच्या अंगच्या कसबाकडे परत आणलं. झुला आहे, तार आहे, एकचाकी सायकल आहे, जाळीच्या गोळ्यातली मोटरसायकल आहे, विदूषक आहे. माणसाने वर्षानुवर्षं शरीर घडवून मिळवलेली ही कला आहे आणि तिच्यात कुणाचा छळ नाही. जनावरं गेली म्हणून उत्पन्न घटलं, तेव्हा या माणसांना आधाराची गरज होती. नेमकी तेव्हाच आपण मैदानं विकसित करायला घेतली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ज्या गावात तंबू होता तिथेच सर्कशी अडकून पडल्या. खेळ नाही, तिकीट नाही आणि शे-दीडशे माणसांचा संसार मैदानावर. त्यांना जगवलं ते त्या त्या गावच्या लोकांनी. माणसांना या माणसांबद्दल काही वाटत नाही, असं कुणी म्हणू नये.

आता आपल्या कामाच्या भाषेत बोलतो. आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षण असतं, तिथे सर्कस का नको, असं आपण विचाराल. खेळाच्या मैदानाचा तात्पुरता दुसरा वापर करू द्यायची सोय नगररचना कायद्याच्या कलम ३७-अ मध्ये आहे, पण तिला दिवसांची मर्यादा आहे आणि ती मर्यादा मुलांसाठी हवीच. पोरांचं क्रिकेट बंद करून सर्कस आणा, असं मी म्हणणार नाही. म्हणून वेगळी जागा हवी. सर्कस, जत्रा, कृषी प्रदर्शन, कुस्त्यांचा फड, तमाशाचा तंबू या सगळ्यांना चालेल असं एक मैदान, ज्याचा वापरच हा असेल. आणि आरक्षण नुसतं नकाशावर रंगवून ठेवू नका. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो, मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण उठतं, आणि तिथे इमारत उभी राहते. अशी किती आरक्षणं आपल्या डोळ्यांसमोर गेली हे आपणच जाणता. पालिकेच्या किंवा शासनाच्या मालकीची जागा आधीच हातात असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

भाड्याचं म्हणाल तर केंद्राने मार्ग दाखवलेला आहे. वस्तू आणि सेवा करात पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला सर्कशीलाही सूट आहे. नाटक, नृत्य आणि सर्कस तिथे एकाच ओळीत बसवले आहेत. केंद्राचा कर जिला कला मानतो तिला पालिकेच्या दरपत्रकाने मिक्सर-सोफ्यांच्या प्रदर्शनात का मोजावं? सर्कशीसाठी वेगळा, कमी दर ठेवा. त्यातही तंबू उभारण्याचे आणि उतरवण्याचे दिवस पूर्ण दराने लावू नका, त्या दिवसांत एक तिकीट विकलं जात नाही.

परवानग्यांचाही विचार व्हावा. पोलिसांचा परवाना, अग्निशमनचा दाखला, विजेची तपासणी, गॅलरीच्या मजबुतीचं प्रमाणपत्र, हे सगळं आवश्यकच आहे. कापडाच्या तंबूत माणसं बसणार म्हटल्यावर आगीच्या बाबतीत सूट देण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्यासाठी बाहेरगावच्या माणसाने चार कचेऱ्यांत आठ-आठ दिवस बसू नये. एका अधिकाऱ्याकडे अर्ज यावा आणि त्याने तो सगळीकडे फिरवून ठरलेल्या दिवशी होकार किंवा नकार द्यावा. सर्कस पुढच्या गावाची तारीख धरून चाललेली असते. तिला नकारही वेळेत मिळाला तर उपयोग होतो.

आपल्या आक्षेपांतला एक मला मान्य आहे. सर्कस उठल्यावर मैदानात खड्डे राहतात, कधी मोडलेल्या मेखा राहतात, कचरा राहतो. पूर्वीही राहायचा. त्यासाठी अनामत घ्या, मैदान पूर्ववत करून दिल्यावरच ती परत करा, आणि मेखांच्या जागी कायमचे काँक्रीटमधले कडे बसवून देता येतील का, हे आपल्या अभियंत्यांना विचारा. दर वर्षी तंबू त्याच जागी पडणार असेल तर हे सहज होण्यासारखं आहे. आवाजाचा त्रास म्हणाल तर शेवटचा खेळ दहाच्या आत संपवायची अट घाला. कुठलीही सर्कस ती पाळेल.

केरळ सरकारने २०१० मध्ये थलश्शेरीत सर्कस अकादमी काढली होती, ती फार वर्षं टिकली नाही. म्हणून मी आपल्याकडे अकादमी मागत नाही. शिकायला कुणी यावं असं वाटत असेल तर आधी खेळ डोळ्यांसमोर दिसायला हवा. कुन्हिकण्णन मास्तरांनीही आधी सर्कस पाहिली, शाळा नंतर काढली. आपल्या तालुक्यातल्या शाळांत मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक करणारी पोरं-पोरी आहेत, राज्य पातळीवर पदकं आणतात. त्यांनी झुल्यावरचा कलाकार जवळून पाहावा, त्याच्याशी बोलावं, एवढं तरी व्हायला हवं.

जोडीला एक छोटी विनंती. कुरुंदवाड, अंकलखोप, म्हैसाळ, तासगाव, सांगली, मिरज या गावांतल्या जुन्या घरांत सर्कशीचे फोटो, हस्तपत्रकं, करारपत्रं, पदकं अजून असण्याची फार शक्यता आहे. माळे रिकामे होताना हे सगळं रद्दीत जातं. आपल्या वाचनालयांनी किंवा संग्रहालयांनी एक आवाहन काढावं, मूळ वस्तू मालकाकडेच ठेवून तिची प्रत करून घ्यावी आणि एका खोलीत मांडावी. माझ्याकडे वखारीच्या वह्या आहेत, कुठल्या सर्कशीला किती पोती भुसा गेला याच्या नोंदी असलेल्या. त्या द्यायला मी तयार आहे.

मैदानाच्या मागणीचा अर्ज मी आमच्या पालिकेत स्वतंत्रपणे दाखल केला आहे. इतर गावांतल्या नागरिकांनीही आपापल्या पालिकेत तसा अर्ज द्यावा, म्हणून हे पत्र खुलं ठेवलं आहे. सर्व सन्माननीय सदस्यांना विनंती की येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, आणि पालिकेच्या किंवा शासनाच्या ताब्यात असलेल्या कोणत्या जागा दोन एकरांपेक्षा मोठ्या आणि आज मोकळ्या आहेत, याची यादी सभेपुढे मागवावी. सर्कशीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि त्यांचे दौरे त्याआधी दोन-तीन महिने ठरतात. श्रावणापर्यंत जागा आणि दर ठरला, तर त्या मॅनेजरांचा फोन नंबर माझ्याकडे आहे, मी स्वतः त्यांना कळवीन.

आपला,
कृष्णाकाठचा एक नागरिक